किंडरगेल्ड परत मागणारं पत्र आलंय? ते का मागतात आणि पुढे काय करायचं

जर्मनीत मुलाबाळांसह आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या काही महिन्यांतच किंडरगेल्ड हा शब्द पाठ होतो. सरकारकडून दर मुलामागे दर महिन्याला मिळणारी ठरावीक रक्कम: २०२५ मध्ये २५५ युरो, जानेवारी २०२६ पासून २५९ युरो. अर्ज एकदा मंजूर झाला की पैसे आपोआप खात्यावर येत राहतात. पण ते आपोआप थांबत नाहीत, आणि पुढच्या सगळ्या त्रासाचं मूळ तिथेच आहे. आई मुलांना घेऊन पुण्याला परतते, किंवा नातवंडं दोन वर्षांसाठी सांगलीला आजीकडे राहायला जातात, किंवा थोरला विद्यापीठ अर्ध्यात सोडतो. खात्यावर रक्कम मात्र येतच राहते. मग एक दिवस पत्र येतं: एवढे हजार युरो परत करा.

अशी पत्रं घेऊन ओळखीतले लोक माझ्याकडे येतात, तेव्हा बसता बसता पहिलं वाक्य बहुतेक तेच असतं: "आम्ही कुणाला फसवलं नाही हो." मी त्यांना पत्र पुन्हा वाचायला सांगते. तुम्ही फसवलंत असं त्यात बहुधा कुठेच लिहिलेलं नसतं. अमुक महिन्यापासून तुमचा हक्क नव्हता, एवढंच लिहिलेलं असतं. या दोन गोष्टींतला फरक मनात पक्का बसला की पुढची प्रत्येक पायरी सोपी होते. तो बसला नाही, तर माणूस महिनाभर आपला प्रामाणिकपणा सिद्ध करत राहतो आणि तेवढ्यात मुदत निघून जाते.

पहिली पायरी: हातात कोणतं पत्र आहे ते ओळखा

किंडरगेल्ड देणारं कार्यालय म्हणजे फामिलीएनकासे. ते केंद्रीय रोजगार संस्थेचा भाग आहे. त्यांच्याकडून साधारण दोन प्रकारची पत्रं येतात. पहिलं चौकशीचं, ज्याच्या मथळ्यात 'आनह्योरुंग' हा शब्द दिसतो. "आम्हाला असं कळलंय की मुलं आता तुमच्या घरी राहत नाहीत, तुमचं म्हणणं सांगा", असा त्याचा आशय असतो. हा निर्णय नव्हे. पण याला उत्तर दिलं नाही, तर त्यांच्याकडे जी माहिती आहे तीच खरी धरून ते निर्णय करतात. या पत्राकडे दुर्लक्ष करण्याइतकी महाग चूक दुसरी नाही, कारण गोष्टी दुरुस्त करणं याच टप्प्यावर सगळ्यात सोपं असतं.

दुसरं पत्र म्हणजे खुद्द निर्णय, 'बेशाइड'. त्यात दोन भाग असतात. आधीची मंजुरी अमुक महिन्यापासून रद्द, आणि त्या काळात दिलेली रक्कम परत. शेवटी बारीक अक्षरात 'रेश्ट्सबेहेल्फ्सबेलेरुंग' नावाचा परिच्छेद असतो. हरकत कुठे आणि किती दिवसांत घ्यायची ते तिथे लिहिलेलं असतं. पाकीट फेकू नका. पत्रावरची तारीख आणि ते तुम्हाला मिळाल्याची तारीख, दोन्ही पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा.

कधी कधी तिसरंही पत्र येतं, रेकलिंगहाउझेन या गावाहून, 'इनकासो-सर्व्हिस' अशा नावाने. इनकासो म्हटलं की वसुलीवाले मागे लागले असं वाटून लोक घाबरतात. ही खासगी वसुली कंपनी नव्हे. त्याच रोजगार संस्थेचा तो वसुली विभाग आहे, आणि हप्त्यांचं बोलणं बहुतेक वेळा त्यांच्याशीच करावं लागतं.

दुसरी पायरी: ते का मागू शकतात हे समजून घ्या

इथे जरा थांबून वाचा. बाकी सगळं यावर उभं आहे.

आपल्याला किंडरगेल्ड सरकारी मदतीसारखं वाटतं. जर्मन कायद्यात मात्र १९९६ पासून ते प्राप्तिकर कायद्याच्या आत बसवलेलं आहे. मूल वाढवायला लागणाऱ्या किमान खर्चावर सरकारने कर घेऊ नये, हे त्यामागचं तत्त्व. ती करसवलत वर्षाअखेरीपर्यंत न थांबता दर महिन्याला हातात दिली जाते. कायद्याच्या भाषेत ती कराची परतफेड आहे. म्हणून जास्त गेलेली रक्कम परत घेण्याचे नियमही करवसुलीचेच लागतात. करप्रक्रिया कायद्याचं कलम ३७, उपकलम २ साध्या शब्दांत असं: कायदेशीर आधार नसताना ज्याला पैसे दिले गेले, त्याने ते परत करायचे. चूक कुणाची, हेतू काय, पैसे शिल्लक आहेत की खर्च झाले, यातलं काहीही त्यात विचारलेलं नाही.

यामुळे आपल्याला अगदी न्याय्य वाटणारे तीन युक्तिवाद चालत नाहीत.

"पैसे मुलांवरच खर्च झाले, आता कुठून आणू?" इतर सामाजिक मदतीत विश्वासाने खर्च केलेल्या पैशाला काही प्रमाणात संरक्षण मिळतं. किंडरगेल्डला ते नाही.

"मी आबमेल्डुंग केलं होतं ना?" हे सगळ्यात जास्त ऐकू येतं. शहराच्या नोंदणी कार्यालयात जाऊन मुलांचं नाव काढलं, शाळेत सांगितलं, कंपनीच्या एचआरला सांगितलं. माणसाला वाटतं, सरकारला कळवलं. पण प्राप्तिकर कायद्याचं कलम ६८ सांगतं की हक्कावर परिणाम करणारा बदल फामिलीएनकासेला विनाविलंब कळवायचा. दुसऱ्या कार्यालयाला सांगितलेलं इथे धरलं जात नाही.

"मी त्यांनाही कळवलं होतं, तरी ते पाठवत राहिले." हे ऐकताना मलाही वाईट वाटतं. पण सर्वोच्च कर न्यायालयाची भूमिका ठाम आहे: नुसते पैसे येत राहिले यावरून "आता हे परत मागणार नाहीत" असा भरवसा ठेवण्याचा हक्क मिळत नाही. कळवल्याचा पुरावा तरीही सोन्यासारखा जपा. दंड, व्याज किंवा करचुकवेगिरीचा संशय यांपासून तोच तुम्हाला वाचवतो.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते. तुम्ही अर्ज उशिरा केलात तर मागचे फक्त सहा महिने मिळतात. त्यांना मात्र साधारणपणे चार वर्षं मागे जाता येतं. निष्काळजीपणे न कळवल्याचं ठरलं तर पाच, आणि जाणूनबुजून लपवल्याचं ठरलं तर दहा. हे समतोल नाही असंच माझं मत आहे. पण पत्राला उत्तर लिहिताना या मताचा उपयोग होत नाही, महिन्यांच्या हिशेबाचा होतो.

तिसरी पायरी: महिने स्वतः मोजा

किंडरगेल्ड महिन्याच्या हिशेबाने चालतं. महिन्यात एक दिवस जरी अटी पूर्ण होत असतील तरी तो पूर्ण महिना तुमचा. हक्क ज्या महिन्यात संपतो तो महिनाही तुमचाच, पुढचा नाही.

समजा, स्टुटगार्टजवळ राहणारं एक कुटुंब आहे. पुण्यातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात म्हणून आई दोन मुलांना घेऊन ३ जून २०२५ ला कायमची परत गेली. वडील नोकरीसाठी इथेच राहिले. जूनचे पैसे हक्काचे. जुलैपासून हक्क नाही. फेब्रुवारी २०२६ च्या अखेरीस कुणाच्या तरी लक्षात आलं आणि कळवलं. हिशेब असा: जुलै ते डिसेंबर सहा महिने, दोन मुलं, २५५ युरो, म्हणजे ३,०६० युरो. जानेवारी आणि फेब्रुवारी, दोन मुलं, २५९ युरो, म्हणजे १,०३६. एकूण ४,०९६ युरो. पत्रात हाच आकडा असेल तर पत्र बरोबर आहे. जूनही धरला असेल तर ५१० युरो जास्त मागितलेत, आणि त्यावर हरकत घ्यायला हवी.

"पण वडील इथे राहतात, पूर्ण कर भरतात, मग हक्क कसा गेला?" कारण अट फक्त पालकाच्या राहण्याची नाही, मुलाचीही आहे. मूल जर्मनीत, युरोपीय संघात किंवा युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहायला हवं. तुर्कस्तान, सर्बिया, मोरोक्को, ट्युनिशिया अशा काही देशांशी जर्मनीचे या बाबतीत वेगळे करार आहेत. भारताशी नाही. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार आहे हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण तो पेन्शनच्या वर्गणीसंबंधी आहे. किंडरगेल्ड त्यात येत नाही.

आता खरी वादाची जागा: मूल "राहतं" कुठे? उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे नाशिकला गेलं म्हणून काही होत नाही. आजारी आजोबांसाठी चार महिने गेलं आणि इथलं घर, खोली, शाळेतली जागा तशीच राहिली, तरी इथला निवास सहसा टिकतो. जाताना परतीचा बेत वर्षाच्या आतला असेल तर न्यायालयं बहुधा पालकांच्या बाजूने पाहतात. वर्षापेक्षा जास्त काळासाठी, तिथल्या शाळेत प्रवेश घेऊन गेलं, तर चित्र बदलतं. मग मूल सुट्टीचा बराचसा काळ खरोखर इथल्या घरी येऊन राहत होतं का, ते विचारलं जातं. नुसती नोंदणी कागदावर शिल्लक आहे, एवढ्याने भागत नाही. म्हणून तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, शाळेची पत्रं, किंडरगार्टनचा चालू करार, डॉक्टरच्या भेटी, सगळं तारखेनिशी एका फाईलमध्ये लावा.

बाकीची कारणं थोडक्यात. अठरा वर्षांनंतर किंडरगेल्ड सहसा शिक्षण किंवा प्रशिक्षण चालू असेल तर, पंचविसाव्या वर्षापर्यंत मिळतं. दोन शिक्षणांमध्ये चार महिन्यांपर्यंतची मोकळीक चालते, शिक्षण सोडलं तर ते कळवावं लागतं. रेसिडेन्स परमिट बदललं, उदाहरणार्थ ब्लू कार्डवरून (उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परमिटवरून) विद्यार्थी किंवा नोकरी शोधण्याच्या परमिटवर गेलात आणि हाती काम नसेल, तरी हक्क जाऊ शकतो. पालकांपैकी एकजण दुसऱ्या युरोपीय देशात नोकरीला लागला, तर आधी कोणत्या देशाने द्यायचं हे पुन्हा ठरतं.

पालक वेगळे झाले असतील तर एक खास मार्ग आहे, तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. मूल ज्याच्या घरी राहतं त्याला किंडरगेल्ड मिळतं. समजा मूल आईकडे गेलं, पण पैसे वडिलांच्या खात्यावर येत राहिले आणि त्यांनी ते दर महिन्याला आईला दिले. अशा वेळी वडिलांकडून रक्कम मागतात. पण आईने फामिलीएनकासेच्या ठरावीक फॉर्मवर "हे पैसे मला मिळाले, माझा त्या महिन्यांचा हक्क पूर्ण झाला" असं सहीनिशी लिहून दिलं, तर वडिलांवरची मागणी त्या रकमेपुरती मिटू शकते. दोघांचं बोलणं बंद असलं तरी ही एक सही मागावी. म्हणूनच पैसे रोख देऊ नयेत, बँकेतून द्यावेत.

चौथी पायरी: हिशेब चुकला असेल तर हरकत

हरकतीला 'आइनश्प्रुख' म्हणतात. मुदत एक महिन्याची, निर्णय पोहोचल्यापासून. जर्मनीत टाकलेलं पत्र टपालात पडल्यापासून चौथ्या दिवशी पोहोचलं असं २०२५ पासून धरतात. भारतातल्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र एका महिन्याने पोहोचलं असं धरलं जातं. आइनश्प्रुखला शुल्क नाही, वकील लागत नाही. पत्राने किंवा ईमेलने चालतं, फोनवर चालत नाही. भाषा जर्मन ठेवा. पहिल्या पत्रात सविस्तर कारणं नसली तरी चालतं. "अमुक तारखेच्या निर्णयावर मी हरकत घेतो, कारणं मागाहून पाठवतो" एवढं वेळेत गेलं की मुदत वाचते.

कारणं लिहिताना तथ्यांवर राहा. मुलं कोणत्या तारखेला गेली, कोणत्या तारखेला आली, कोणता महिना चुकीचा धरलाय, कोणता पुरावा जोडलाय. आपण किती वर्षं कर भरतोय, मुलांना जर्मन किती छान येतं, हे लिहायचा मोह होतो. ते खरं असलं तरी निर्णय त्यावर होत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: हरकत घेतली म्हणून पैसे भरणं आपोआप थांबत नाही. त्यासाठी वसुली स्थगित करण्याची वेगळी विनंती त्याच पत्रात करावी लागते. ती न करता गप्प बसलात तर थकलेल्या रकमेवर दर महिन्याला एक टक्का विलंब आकार चढतो. हरकत फेटाळली गेली तर त्यानंतर एका महिन्यात 'फिनान्त्सगेरिश्ट' म्हणजे कर न्यायालयात जाता येतं. तिथे पैसे लागतात, त्यामुळे त्या टप्प्यावर कर सल्लागाराला किंवा वकिलाला विचारून पुढे जा. तुमचा दोष नसताना, समजा रुग्णालयात असल्यामुळे, मुदत हुकली, तर अडथळा संपल्यापासून एका महिन्यात कारण आणि पुरावा देऊन मुदत पुन्हा मागता येते.

पाचवी पायरी: हिशेब बरोबर असेल तर भरा, पण झेपेल तसं

एकरकमी देणं शक्य नसेल तर मुदतीच्या आत हप्ते मागा. यालाच 'श्टुंडुंग' म्हणतात. महिन्याचं उत्पन्न, भाडं, विमा, भारतातलं कर्ज असा खर्चाचा तक्ता जोडा आणि आपण किती देऊ शकतो तो आकडा स्वतः लिहा. "शक्य तेवढं देऊ" असं मोघम लिहिलं की पुन्हा प्रश्नांचं पत्र येतं. हप्त्यांवर महिन्याला अर्धा टक्का व्याज लागू शकतं. दुसरं मूल इथेच असेल तर त्याच्या चालू किंडरगेल्डमधून अर्ध्यापर्यंत रक्कम कापूनही वसुली होऊ शकते.

पूर्ण माफी, 'एरलास', कायद्यात आहे, पण फार क्वचित मिळते. ज्याने वेळेवर कळवलं होतं आणि तरीही कार्यालयाच्या चुकीने रक्कम वाढत गेली, किंवा ज्याच्या दुसऱ्या सरकारी मदतीतून तेच किंडरगेल्ड आधीच वजा झालं होतं, अशांनी जरूर मागावी. बाकीच्यांनी तिच्या भरवशावर हप्ते थांबवू नयेत.

भारतात परतलात म्हणून हे कर्ज संपत नाही. जर्मन बँक खातं हिशेब पूर्ण होईपर्यंत चालू ठेवा, आणि इथल्या एखाद्या विश्वासू माणसाला पत्रं घेण्याचं लेखी अधिकारपत्र द्या.

एक गोष्ट बहुतेकांकडून सुटते: करविवरण. मुलं भारतात असली तरी इथे पूर्ण करदाता असलेल्या पालकाला मुलासाठीची करसवलत काही प्रमाणात मिळू शकते. भारतातल्या खर्चमानानुसार ती कमी केलेली असते, पण शून्य नसते. म्हणून रद्द केल्याचा बेशाइड कर सल्लागाराला दाखवा आणि ज्या महिन्यांचं किंडरगेल्ड परत केलं ते महिने त्या वर्षीच्या विवरणात नीट धरले गेलेत का, ते तपासायला सांगा. ४,०९६ मधले थोडे तरी त्या वाटेने परत येऊ शकतात.

अजून पत्र आलेलं नाही, पण मुलं गेली आहेत?

मग आजच कळवा. फामिलीएनकासेच्या संकेतस्थळावर बदल कळवण्याचा ऑनलाइन फॉर्म आहे, साधं पत्रही चालतं. त्यात तुमचा किंडरगेल्ड क्रमांक लिहा (बँकेच्या नोंदीत 'एफके' अक्षरं असलेला तो लांब क्रमांक), मुलांची नावं, जन्मतारखा आणि अकरा अंकी कर क्रमांक, ती कोणत्या तारखेला कुठे गेली आणि परत येणार आहेत का, आणि तुमचा पुढचा पत्ता. पाठवल्याची पोचपावती पीडीएफमध्ये जपून ठेवा. त्यानंतरही पैसे आले तर त्यांना हात न लावता दुसऱ्या खात्यात बाजूला काढून ठेवा आणि निर्णयाचं पत्र आलं की त्यात दिलेल्या खात्यावर, दिलेला संदर्भ क्रमांक टाकूनच परत पाठवा.